तबकडीच्या खेळाची मोटार-सफर

प्रवासाचे दोन प्रकार असतात. एकांत मुक्काम हें साध्य असतें आणि रस्ता हें साधन. दुसऱ्यांत रस्ता हाच साध्य होऊन बसतो. पंढरीचा वारकरी या दोहोंचा मेळ घालतो. त्याचे मुक्काम आधींच ठरलेले, रोजची चाल मोजकी, आणि तरीहि वाटेवरचा प्रत्येक दिवस त्याला भरलेला वाटतो. अमेरिकेंत एका साध्या खेळाच्या निमित्तानें कांहींशा याच धर्तीवर मोटारीच्या सफरी निघतात. त्या खेळाचें नांव डिस्क गोल्फ. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतील मुलें-मुली कॅलिफोर्नियांत नोकरीनिमित्त राहतात, आणि त्यांच्याकडे कांहीं महिने राहावयास जाणाऱ्या आईबापांच्या कानांवर हें नांव केव्हां तरी पडण्याचा संभव आहे. तेव्हां हा खेळ कसा आहे व त्याच्या सफरीची आंखणी कशी करावी, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

गोल्फमध्यें चेंडू काठीनें मारून खळग्यांत घालावयाचा असतो. येथें काठी नाहीं, चेंडू नाहीं आणि खळगाहि नाहीं. हातांत असते ती प्लॅस्टिकची तबकडी. ठराविक चौथऱ्यावरून ती फेकावयाची, जेथें पडेल तेथून पुन्हां फेकावयाची, आणि शेवटीं खांबावर बसविलेल्या लोखंडी टोपलींत टाकावयाची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्यांवर आपटतांच तबकडीचा वेग मोडतो आणि ती खालीं पडते. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. पुऱ्या मैदानांत बहुधा अशा १८ टोपल्या असतात. तबकड्यांचे मुख्य प्रकार तीन: लांब पल्ल्याची, मधल्या पल्ल्याची आणि टोपलीजवळ टाकावयाची. उजव्या हातानें, छातीसमोरून हात ओढून फेकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते आणि वेग ओसरूं लागला कीं डावीकडे वळते. हें वळण आधीं ध्यानांत घेऊन मग नेम धरणें, यांतच खेळाचें मर्म आहे.

या खेळाला आजचें रूप दिलें तें एड हेड्रिक या गृहस्थांनीं. व्हॅम-ओ या खेळणीं बनविणाऱ्या कंपनींत ते काम करीत असत आणि फ्रिसबी या प्रसिद्ध तबकडींत सुधारणा केल्याबद्दल त्यांना १९६७ सालीं पेटंट मिळालें होतें. १९७५ सालीं त्यांनीं पासाडेनाजवळील ओक ग्रोव्ह या उद्यानांत पहिलें कायमचें मैदान आंखलें. आरंभीं तेथें नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली कीं नुसती जवळून गेली, हा वाद त्यामुळें नेहमींचाच. साखळ्यांच्या टोपलीनें तो मिटविला. १९७६ सालीं त्यांनीं खेळाडूंची संघटना काढली. २००२ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा नव्या तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्यें मिसळण्यांत आली.

आतां सफरीकडे वळूं. हीं मैदानें बहुतांशीं सार्वजनिक उद्यानांत असल्यानें खेळावयास बहुधा पैसे पडत नाहींत, आणि मैदानांची संख्या तर हजारोंनीं मोजावी लागते. अडचण येथेंच सुरू होते. जें फुकट आणि मुबलक, त्याचा लोभ सुटतो. नवा प्रवासी नकाशा पसरतो, दहा ठिकाणीं खुणा करतो आणि पांच दिवसांत दहा मैदानें उरकण्याचा बेत करतो. तिसऱ्या दिवशीं खांदा दुखूं लागतो, बरोबरची मंडळी कंटाळतात, आणि चौथ्या रात्रीं पेंगुळलेल्या डोळ्यांनीं मोटार हांकण्याची पाळी येते.

म्हणून आंखणीचा पहिला नियम असा कीं मैदानें मोजूं नयेत, तास मोजावेत. चौघांच्या गटाला १८ टोपल्या संपविण्यास अडीच-तीन तास लागतात. चालणें, हरवलेली तबकडी शोधणें आणि जेवण हीं धरलीं कीं अर्धा दिवस गेलाच. उरलेल्या अर्ध्या दिवसांत जेवढा रस्ता सुखानें कापतां येईल तेवढाच त्या दिवसाचा प्रवास.

उदाहरणादाखल दक्षिण कॅलिफोर्नियापासून उत्तरेकडे जाणारी चार दिवसांची सफर घ्यावी. पहिल्या दिवशीं सकाळीं सॅन डिएगोच्या बाल्बोआ उद्यानांतील मॉर्ले फील्ड. हें जुन्या मैदानांपैकीं एक असून येथें थोडें शुल्क द्यावें लागतें. टोपल्या फार दूर नाहींत, त्यामुळें हात मोकळा होण्यास जागा उत्तम. दुपारीं सुमारें १३० मैल जाऊन पासाडेना. लॉस एंजेलिसच्या गर्दींत हें अंतर अडीच तासांत कीं चार तासांत पार पडेल याचा नेम नसतो; म्हणून संध्याकाळीं दुसरें कांहीं ठरवूं नये. दुसऱ्या दिवशीं ऊन तापण्यापूर्वीं ओक ग्रोव्ह. या उद्यानाला आतां हाहामोंग्ना म्हणतात. दुपारनंतर सुमारें २०० मैल जाऊन सॅन लुइस ओबिस्पो येथें मुक्काम. तिसरा दिवस खेळाचा नव्हे. सावकाश सांता क्रूझ गांठावें आणि समुद्रकांठीं विसांवा घ्यावा. चौथ्या दिवशीं डेलाव्हेगा हें डोंगराळ मैदान. त्यांतील २७व्या टोपलीच्या चौथऱ्याला ‘जगाचा माथा’ अशा अर्थाचें नांव आहे. तेथून उतारावर तबकडी सोडतांना दूरवर मॉन्टेरेचा उपसागर दिसतो. चार दिवस, सुमारें ५०० मैल आणि मैदानें केवळ तीन. परंतु तिन्ही लक्षांत राहतील.

दुसरा नियम असा कीं निघण्यापूर्वीं प्रत्येक मैदान व प्रत्येक रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्यावी. मैदानें वणव्यामुळें, दुरुस्तीसाठीं किंवा स्पर्धेसाठीं बंद असतात. किनाऱ्याचा रमणीय रस्ता तर दरडींना नेहमींच बळी पडतो. २०१७ सालीं मड क्रीक येथें डोंगर कोसळल्यानें तो सुमारें चौदा महिने बंद होता. यासाठींच वर सुचविलेली वाट आंतल्या हमरस्त्यानें जाते.

सामान थोडें असावें. प्रत्येकीं तीन-चार तबकड्या पुरेत. मात्र प्रत्येकीच्या पाठीवर नांव व टेलिफोनचा नंबर लिहावा, म्हणजे झाडींत हरवलेली तबकडी सांपडणारा कळवूं शकतो. तबकड्या उन्हांत बंद मोटारींत ठेवूं नयेत, त्या वांकतात. पाणी भरपूर घ्यावें. कॅलिफोर्नियाच्या झाडींत तीन-तीन पानांची एक विषारी वनस्पति वाढते. तिच्या स्पर्शानें अंगावर खाजरे फोड उठतात. खडखड्या सापहि असतात. तेव्हां न पाहतां झुडपांत हात घालूं नये. एखादी तबकडी गेली तर जाऊं द्यावी.

भारतांतून गेलेल्या माणसानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिकडे मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. सकाळीं ताज्या मनाला हें सहज साधतें. परंतु दिवसभर खेळून थकलेलें मन जुन्या संवयीकडे ओढ घेतें, आणि रिकाम्या वळणावर हात नकळत मोटार डावीकडे नेतो. ‘अजून उजेड आहे, आणखी एक मैदान होईल’ हा संध्याकाळचा विचार म्हणूनच सर्वांत महाग पडणारा. त्याला नाहीं म्हणण्याचा अधिकार सोबतच्या प्रत्येकाला, अगदीं न खेळणाऱ्या आजीलाहि, निघण्यापूर्वींच देऊन ठेवावा.

शेवटीं यजमानाचें भान. उद्यान एकट्या खेळाडूंचें नसतें. तेथें मुलें धांवतात, म्हातारीं माणसें फिरतात, कुत्रीं सोडलेलीं असतात. दीडशेंहून अधिक ग्रॅम वजनाची तबकडी वेगानें कुणाच्या कपाळावर बसली तर खेळाची मजा तेथेंच संपते. वाट मोकळी झाल्याशिवाय फेकूं नये. मागून घाईचा गट आला तर त्याला पुढें जाऊं द्यावें. कचरा बरोबर न्यावा. ज्या खेळाला दुसऱ्यांच्या जागेंत, बहुतेक विनामूल्य, आसरा मिळाला आहे, तो पाहुण्याच्या सौजन्यावरच टिकतो. पन्नास वर्षांपूर्वीं एका उद्यानांत रोंवलेल्या कांहीं खांबांपासून हजारों मैदानें उभीं राहिलीं, तीं अशा सौजन्यानेंच पुढेंहि राहतील.