चित्र आणि ध्वनी यांची सांगड

आकाशात वीज चमकते ती आपणांस तत्काळ दिसते; तिचा गडगडाट मात्र मागाहून ऐकू येतो. निसर्गात हा विलंब कोणास खटकत नाही. परंतु पडद्यावर वक्त्याचे ओठ आधी हलले आणि शब्द मागाहून आले, तर उत्तम भाषणही हास्यास्पद ठरते. चित्र व ध्वनी यांची अचूक सांगड घालणे हे म्हणूनच मोठ्या कौशल्याचे काम होय.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला, तेव्हा तो मूक होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलमआरा' झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढे बोलपटांच्या फिल्मपट्टीवर चित्रांच्या कडेलाच ध्वनीची अरुंद रेघ उमटविण्याची पद्धत रूढ झाली. यंत्रात चित्र दाखविण्याची व ध्वनी वाचण्याची जागा भिन्न असल्यामुळे तो ध्वनी आपल्या चित्राच्या सुमारे २० चित्रे पुढे छापावा लागे.

आज चित्र व ध्वनी अंकांच्या रूपाने साठविले जातात. एका स्पष्ट चित्रात सुमारे २० लाख रंगीत ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्यास तीन अंक लागतात आणि सेकंदाला २५ चित्रे सरकतात. म्हणजे एका सेकंदास १५ कोटींहून अधिक अंक! एवढा पसारा सांभाळणे कठीण. म्हणून त्याचे संकोचन करतात. एक चित्र पूर्ण ठेवून पुढील चित्रांतील केवळ बदल नोंदवितात. डोळ्यांस व कानांस सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतात. गाळलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत. दूध आटवून खवा केला, तर त्यात पाणी घालून मूळचे दूध परत येत नाही, तसेच हे आहे.

आता समजा, शाळेच्या समारंभाचे चित्रण सभागृहाच्या मागील बाजूने एका कॅमेऱ्याने केले आणि वक्त्याजवळ ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राने भाषण ध्वनिमुद्रित केले. या दोन फायली एकत्र करताना पुष्कळजण त्या उलगडून पुन्हा संकोचित करतात. त्यात वेळ तर जातोच, शिवाय आणखी काही बारकावे कायमचे नष्ट होतात.

याहून चांगला मार्ग आहे. मालगाड्यांच्या तळावर डबे जोडताना आतील माल कोणी उतरवून घेत नाही. मोहोरबंद डबे जसेच्या तसे नव्या गाडीस लावतात. त्याचप्रमाणे संकोचित चित्राचे व ध्वनीचे तुकडे न उघडता एकाच फायलीत आळीपाळीने रचतात. प्रत्येक तुकड्यावर तो केव्हा दाखवावा वा ऐकवावा, याची वेळ लिहिलेली असते. फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेली 'एफएफएमपेग' ही विनामूल्य आज्ञावली हे काम अल्पावधीत करते.

मात्र या रीतीलाही मर्यादा आहेत. प्रत्येक प्रकारच्या फायलीत प्रत्येक प्रकारचा माल बसत नाही. ध्वनी आरंभापासून सारखाच मागे असेल, तर नुसत्या वेळा बदलून दोष जातो. परंतु दोन यंत्रांची घड्याळे कमीअधिक वेगाने चालत असतील, तर अंतर वाढत जाते आणि ध्वनी उलगडल्यावाचून गत्यंतर नसते. यासाठी चित्रणाच्या प्रारंभी व शेवटी एकेक टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवून पाहिले, की चूक तत्काळ कळते.

जोडणी झाली तरी मूळ फायली जपून ठेवणे, हे सर्वांत महत्त्वाचे. ज्या 'आलमआरा'ने आपल्या चित्रपटास वाणी दिली, त्याची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. आजीच्या ओव्या, गावच्या वृद्धांच्या आठवणी, गुरुजनांची भाषणे हा ठेवाही एकदा गेला, की पुन्हा मिळणार नाही. तो आहे तसा पुढील पिढीच्या हाती सोपविणे हे आपले कर्तव्य होय.