घरचा केक : थोडे शास्त्र, थोडी सजावट

वाढदिवसाचा केक घरी करावयाचा ठरला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो अंड्याचा. आमच्याकडे मुलीच्या केकचा पहिला तुकडा आजीला द्यावयाचा असतो आणि आजींना अंडे वर्ज्य. अंडे वगळले, की केकला आधार देणारी प्रथिने व फेसात कोंडलेली हवा ही दोन्ही जातात. ती उणीव काही अंशी कंडेन्स्ड मिल्क भरून काढते. फुगण्याचे काम मात्र खाण्याचा सोडा आणि दही किंवा व्हिनेगर यांच्यावर पडते. आम्ल व सोडा एकत्र येताच कार्बन डायॉक्साइड वायू निघू लागतो. म्हणून ओव्हन १८० अंश सेल्सिअसला आधीच तापवून ठेवावा आणि मिश्रण कालवताच भांडे आत सरकवावे. पाहुण्यांच्या दूरध्वनीत माझी वीस मिनिटे गेली, त्या वर्षी केक बसका झाला. मिश्रण फार ढवळूही नये. मैद्यातील ग्लुटेनमुळे केक चिवट होतो.

सजावटीत घाई नडते. कोमट केकवर लावलेले क्रीम पाघळणारच. केक पूर्ण निवल्यावर क्रीमचा पातळ थर देऊन सुटा चुरा बसवावा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा व मग दुसरा थर द्यावा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात बटर आयसिंगची फुले पंख्याखालीही माना टाकतात. तेथे आयसिंग शुगर व लिंबाच्या रसाचे साधे आवरण बरे.

नाव आधी ताटलीवर लिहून पाहावे. गेल्या वर्षी मुलीच्या नावाचे शेवटचे अक्षर काठावरून खाली उतरले. तिने तोच तुकडा हट्टाने आजीला भरवला.