फायटर माशाचे पर झडू लागले, तर आधी पाणी बघा

ईदीच्या पैशांतून मुलं काय काय घेतात, त्यात हल्ली फायटर मासा बराच दिसतो. लाल-निळा, लांब शेपटीचा, दुकानात छोट्याशा बाटलीत ठेवलेला. स्वस्त आहे, एकटाच राहतो, जागा लागत नाही, म्हणून अम्मी-अब्बूही फारसे अडवत नाहीत. मग काही आठवड्यांत शेपटीची कड कुरतडल्यासारखी दिसते, काळपट किंवा पांढुरकी होते. मासा तळाशी पडून राहतो. मुलं रडकुंडीला येतात आणि घरातले विचारतात, कुठलं औषध टाकायचं?

आमचं म्हणणं असं की औषधाआधी पाण्याकडे बघावं. या आजाराला फिन रॉट म्हणतात, म्हणजे पर सडणं. एरोमोनास, स्यूडोमोनास अशा जिवाणूंमुळे तो होतो. पण हे जिवाणू बहुतेक प्रत्येक टाकीत असतातच. धडधाकट माशाचं ते काही बिघडवू शकत नाहीत. मासा घाण पाण्यात राहून अशक्त झाला की त्यांचं फावतं.

घाण म्हणजे डोळ्यांना दिसणारी नव्हे. पाणी काचेसारखं स्वच्छ असूनही विषारी असू शकतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. शाळेच्या पुस्तकातलं नायट्रोजन चक्र इथे कामाला येतं: जमलेल्या टाकीत उपयोगी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला घातक, तिसरं त्या मानाने सौम्य. एक-दोन लिटरच्या बाउलमध्ये हे चक्र नीट बसत नाही आणि विष पातळ व्हायला पाणीही पुरत नाही.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला मासे घ्यायला जाणाऱ्यांनी जवळच्या जामा मशिदीचा हौज पाहिला असेल. त्यात मासे आहेत, कासवं आहेत. भरपूर पाणी असलं की माशाची घाण त्यात विरून जाते. बाउलमध्ये ती त्याच्याच अंगाशी राहते.

“फायटरला कमी पाणी चालतं” असं दुकानदार सांगतात. त्यात अर्धंच सत्य आहे. हा मासा मूळचा थायलंड भागातला, भातशेतं आणि उथळ पाणथळीतला. त्याला पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेता येतो, म्हणून तो बाटलीत लगेच मरत नाही. पण शेतातलं पाणी उथळ असलं तरी पसरलेलं असतं. निदान 15 ते 20 लिटरची टाकी, सौम्य प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि वर झाकण, एवढं त्याला हवंच. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला त्यासाठी शिक्षा झाली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला मोकळंही सोडलं नाही. काचेत ठेवलेल्या जिवालाही दुसरीकडे जाता येत नाही. त्याचं पाणी ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता उपचार. आधी नीट बघा की पर सडलेत की नुसते फाटलेत. प्लास्टिकच्या टोकदार झाडाला अडकून पर फाटतो, तेव्हा चीर स्वच्छ असते, कड काळी-लाल होत नाही. अशी झाडं काढून टाका. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचे पर फाडतात. गंमत म्हणून त्यांची झुंज लावणं तर आपल्या दीनमध्येही मना आहे.

कड सडत असेल तर रोज किंवा एक दिवसाआड पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला. आरओचं पाणी नको, त्यात माशाला लागणारे क्षार नसतात. नवं पाणी टाकीइतकंच कोमट हवं. 24 ते 28 अंश सेल्सिअस ठीक. मालेगाव, नाशिककडच्या थंडीत छोटा हीटर लागतोच. तळाची घाण नळीने ओढून काढा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घ्या. साबण तर कशालाच लावू नका. जमलं तर अमोनिया तपासायचं किट आणा, तो शून्यच यायला हवा.

सुरुवातीच्या सडण्याला बऱ्याचदा एवढं पुरतं. जोडीला ॲक्वेरियम सॉल्ट वापरता येतं: पाच लिटरला सपाट एक चमचा, चहाचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना फक्त नव्या पाण्यापुरतंच घाला. आठ-दहा दिवसांत बंद करा. टाकीत खरी झाडं असतील तर मासा वेगळ्या डब्यात काढून हे करावं, मीठ झाडांना सोसत नाही. कोकणात अंगणोअंगणी दिसणाऱ्या देशी बदामाचं गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाकलं तरी चालतं. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. त्याचा थोडा आधार होतो, पण तो पूर्ण इलाज नव्हे.

घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकणारे लोक आहेत. हे करू नका. अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकने जिवाणू बळावतात आणि फिल्टरचंही नुकसान होतं. सडणं पराच्या मुळापर्यंत, अंगापर्यंत आलं, मासा खाईनासा झाला, तर मात्र थांबू नका. मासे तपासणारा पशुवैद्य शोधा.

खाणं कमी द्या. दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे बस. छोटी मुलं लाडाने मूठ टाकतात, ती सवय मोडावी लागेल. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, आणि काम झालं की साबणाने धुवा. मीठ नसलेलं जुनं पाणी कुंड्यांना द्या, झाडं खूश होतात.

सडणं थांबलं की एक-दोन आठवड्यांत कडेला पातळ, पारदर्शक पट्टी दिसते. मुलं तिला पुन्हा आजार समजतात आणि मीठ मागतात. तो नवा पर असतो. रंग नंतर भरतो, पूर्ण शेपटी यायला महिने लागतात, कधी पहिल्यासारखी येतही नाही.