आजीचे गाव नकाशावर शोधताना

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. तो भरताना पालकांचा हात क्षणभर अडखळतो, हे पुष्कळदा पाहण्यात येते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दोन पिढ्या काढलेले कुटुंब ‘बोईसर’ असे लिहिते, आणि शेजारी बसलेली आजी निराळेच नाव उच्चारते. कधी ते एखाद्या पाड्याचे नाव असते, कधी जागेवरून उठलेल्या गावाचे. कागदावर बोईसरच राहते. आजीच्या पश्चात ते दुसरे नाव उच्चारणारेही घरात कोणी उरत नाही.

ज्यांच्या घरी वंशावळ लिहिलेली नाही, भाटाची वही नाही, वाड्याचा दस्तऐवज नाही, अशा कुटुंबांनी आपला इतिहास कोठून शोधावा, हा प्रश्न आपल्या समाजात वारंवार विचारला जातो. त्याचे एक उत्तर जुन्या नकाशांत आहे. नकाशा पूर्वजाचे नाव सांगत नाही, परंतु तो कोणत्या ओढ्याकाठी राहिला, कोणत्या वाटेने बाजाराला गेला आणि त्याच्या वस्तीला गावाच्या कोणत्या कडेला जागा मिळाली, हे तो सांगू शकतो.

आपल्या भागात गावे हरवण्याची कारणे ठळक आहेत. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवून त्यांचे पुनर्वसन करण्यात आले, आणि त्या अणुभट्ट्या २००५ व २००६ साली कार्यान्वित झाल्या. तारापूर औद्योगिक क्षेत्राने सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, सरावली या परिसराचे रूप पालटले. सूर्या नदीवर धामणीचे धरण झाले आणि तेथील काही वस्त्या पाण्याखाली गेल्या. या गावांतील मुलांना आपले गाव दाखवायचे झाल्यास जुना नकाशाच उघडावा लागतो.

गाव जागेवर असले, तरी त्याचा पत्ता बदललेला असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे कागद ठाणे जिल्ह्याचे. पालघर तालुक्यालाही पूर्वी ‘माहीम तालुका’ म्हणत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पालघर नावाचा तालुका सापडत नाही, माहीम सापडतो. हे माहीम म्हणजे केळवे-माहीम, मुंबईचे माहीम नव्हे. पणजोबांच्या कागदावर ‘तालुका माहीम, जिल्हा ठाणे’ असे वाचून मुंबईत शोध घेणारा मनुष्य चुकीच्या दाराशी उभा राहतो. जव्हार आणि मोखाड्याची गोष्ट आणखी वेगळी. तो मुलूख १९४८ पर्यंत जव्हार संस्थानात होता, म्हणून तेथील जुने दप्तर संस्थानी आहे. विक्रमगड हा तालुका तर १९९९ सालचा. उंबरगावचा भाग १९६० मध्ये गुजरात राज्यात गेला. सारांश, शोधास आरंभ करताना पहिला प्रश्न असा विचारावा की, ज्या सालाचा कागद हाती आहे, त्या साली हे गाव कोणत्या तालुक्यात व कोणत्या राज्यात होते?

आता नकाशांचे प्रकार पाहू. आपल्या उपयोगाचे मुख्यतः दोन आहेत.

पहिला, महसुली गाव नकाशा. मुंबई इलाख्यात शास्त्रशुद्ध जमीन मोजणीचा पाया १८३६ च्या सुमारास इंदापूर येथे गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी घातला, आणि तीच पद्धत पुढे इतर जिल्ह्यांत पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण जमीन गुंठ्यांत बोलतो, ती याच साखळीची आठवण. या नकाशात प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर, गावाची शीव, ओढे, विहिरी, वाटा आणि गावठाण दाखविलेले असते. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून व शुल्क भरून मिळतो. आजचा नकाशा शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहता येतो. पण जुना हवा असल्यास अर्जात ‘मूळ मोजणीचा’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय देहरादून येथे आहे. त्याचे जुने नकाशे एका मैलास एक इंच या प्रमाणाचे असत. नंतरचे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. देशाचे चौकोन पाडून प्रत्येक पत्रकास क्रमांक दिलेला असतो. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार तारापूर ४७ ए/९ या पत्रकात, बोईसर ४७ ए/१३ मध्ये, तर पालघर ४७ ए/१४ मध्ये येते. महसुली नकाशा शेताची बांधबंदिस्ती दाखवतो; हा नकाशा डोंगर, खाडी, जंगल, रस्ते आणि वस्त्या दाखवतो. आपल्या दृष्टीने त्याचे मोठे महत्त्व असे की, सातबाऱ्यावर केवळ महसुली गावाचे नाव असते, पाड्याचे नसते; स्थलदर्शक नकाशावर मात्र पाड्यांची नावे पुष्कळदा छापलेली आढळतात. आजीने सांगितलेले नाव येथे भेटण्याचा संभव अधिक.

कोणताही नकाशा हाती आल्यावर त्याचे साल पाहावे. छपाईचे साल आणि मोजणीचे साल यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. साल फाटून गेले असेल, तर खुणांवरून अंदाज बांधता येतो. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. तो नकाशात नसेल तर मोजणी त्याआधीची. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुकेंद्र नसेल, तर नकाशा साठच्या दशकाच्या मध्याअगोदरचा समजावा.

प्रत्यक्ष शोधाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे. ‘आपले गाव कोणते’ एवढेच न विचारता, ‘पाणी कोठून आणायचात, मयतीला कोठे नेत, बाजाराला जाताना नदी ओलांडावी लागे का, सकाळचे ऊन घराच्या कोणत्या बाजूने येई’ असे विचारावे. अक्षरओळख नसलेली आजीही या प्रश्नांची उत्तरे बिनचूक देते, आणि हीच उत्तरे नकाशावर शोधता येतात.

नंतर कुटुंबाच्या नावे थोडीही जमीन असल्यास आजचा सातबारा काढावा. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक फेरफार मागे काढीत गेल्यास वारसनोंदींतून दोन-तीन पिढ्यांची नावे मिळतात. जेथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून जुना व नवा क्रमांक यांचा मेळ घालणारा उतारा मागून घ्यावा. तो मेळ न घालता जुन्या नकाशावर आजचा गट नंबर शोधल्यास दुसऱ्याचेच शेत आपले वाटू लागते.

त्यानंतर जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून न हलणाऱ्या खुणा निवडाव्यात. टेकडी, किल्ला, जुनी विहीर, देवस्थान, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, अशा किमान तीन खुणा दोन्हींवर जुळल्या, म्हणजे मधली हरवलेली वस्ती कोठे असावी हे ठरविता येते. खाडीचा काठ आणि वाळूची पुळण यांवर मात्र विसंबू नये, त्या सरकतात. शेवटी प्रत्यक्ष त्या जागी जावे, आणि जमल्यास आजीला सोबत न्यावे.

येथवर वाचून अनेक वाचक म्हणतील, ‘आमच्या पूर्वजांच्या नावे जमीनच नव्हती, तेव्हा आम्ही काय शोधावे?’ हा प्रश्न रास्त आहे. गाव नकाशा सारावसुलीसाठी तयार झाला. ज्याच्याकडून सारा यायचा, त्याचे शेत त्यात काटेकोर उतरले. जो त्या शेतात राबत होता, त्याचे खोपट उतरलेच असे नाही. डहाणू-तलासरीकडील वारली कुटुंबांनी सावकाराच्या शेतावर वेठ केली, पण कब्जेदार म्हणून नाव सावकाराचेच लागले. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्याच्या मुळाशी हीच वेठ होती. अशा कुटुंबांनी मालकाच्या रकान्याऐवजी कूळ, पीकपाहणी व इतर हक्क यांच्या नोंदी पाहाव्यात. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ मानला गेला. त्या सुमाराच्या फेरफारांत कसणाऱ्याचे नाव प्रथमच ठळकपणे पुढे येते.

नकाशाचे मौन आणखी एका ठिकाणी जाणवते. त्यात विहीर म्हणजे एक लहानसे वर्तुळ. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत होते आणि कोणाला ओंजळ पसरून उभे राहावे लागत होते, हे ते वर्तुळ सांगत नाही. ते आजीलाच विचारावे लागते, आणि तिचे उत्तर नकाशाच्या समासात लिहून ठेवावे लागते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने वस्तीच्या नावांचा प्रश्न नाजूक आहे. जुन्या नकाशांत व दप्तरांत ‘महारवाडा’ हा शब्द येतो. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो न्याय्यच आहे. रोजच्या पत्त्यात अपमान वागवण्याचे कारण नाही. तथापि संशोधकाला जुने नाव ठाऊक असले पाहिजे, कारण १९५० पूर्वीच्या कागदांत भीमनगर शोधून सापडणार नाही. तसेच वतनाचे. ज्या गावी महार वतन होते, तेथे त्या जमिनीची नोंद वेगळी ठेवलेली असे. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या या राबणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात आली. त्या वेळच्या फेरफारांत वतनदार कुटुंबांची नावे एकत्र आढळतात. ज्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना राबवले, तिच्याच दप्तरात त्यांची नावे जपली गेली आहेत, हे कटू असले तरी उपयोगाचे आहे.

स्थानिक नावे किती दूरचे सांगतात याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नालासोपाऱ्याजवळील एका उंचवट्याला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उंचवटा उकरला, तेव्हा आत स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत करंडक, बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले आहेत. गावकऱ्यांना स्तूप ठाऊक नव्हता, पण ही जागा साधी नव्हे एवढे त्या नावाने शतकानुशतके टिकवून धरले. म्हणून आजीच्या तोंडचे कोणतेही नाव, मग ते ओढ्याचे असो वा माळाचे, क्षुल्लक समजू नये.

या शोधाला व्यवहाराचीही बाजू आहे. जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे पाहिले जाते. येथे एकटा नकाशा पुरावा ठरत नाही. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली उतारा हेच लागतात. परंतु ‘माहीम’ म्हणजेच आजचे पालघर, किंवा कागदावरील गाव आता वसाहतीच्या जागी आहे, हे दाखविण्यास नकाशा साहाय्य करतो. वनहक्क कायद्याच्या नियमांत तर नकाशे, गॅझेटियर, तसेच विहिरी व दफनभूमी यांसारख्या खुणा पुराव्यांत गणलेल्या आहेत. आपल्या पाड्याचा दावा प्रलंबित असल्यास जुना स्थलदर्शक नकाशा जोडण्याचा विचार अवश्य करावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. येत्या सुटीत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ एक कोरा कागद घेऊन बसावे आणि ती सांगेल तसे तिचे गाव काढावे: घर, विहीर, वाट, झाड. प्रमाण चुकेल, दिशा चुकतील, हरकत नाही. कागदाच्या कोपऱ्यात सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. सरकारी नकाशा पुढच्या वर्षीही दप्तरात मिळेल, पण आजीजवळचा मिळेलच याची खात्री नाही. त्या कागदाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्यास, प्रवेशअर्जाच्या ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी अडखळणाऱ्या पुढच्या मुलाला तो दाखविता येईल.