दूधसागरचें पाणी

कुळें स्टेशन सोडून आगगाडी घाट चढूं लागली कीं डब्यांतील मंडळी एकेक करून एका बाजूच्या खिडक्यांशीं जमतात. बोगदा संपतो, पूल लागतो आणि दूधसागर समोर उभा राहतो. सुमारें ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यांनीं उतरणारा हा प्रवाह पुलाखालून दरींत जातो. भर पावसाळ्यांत त्याचे तुषार थेट डब्यांत येतात. थोड्याच वेळांत सारें मागें पडतें आणि धबधबा पाहिल्याच्या समाधानांत फराळाचे डबे उघडले जातात.

स्नान करणाऱ्या राजकन्येवर परक्याची दृष्टि पडूं नये म्हणून ओतलेल्या दुधाचा आडपडदा, तोच हा धबधबा, अशी लोककथा आहे. खरें कारणहि कमी मनोरंजक नाहीं. कड्यावर आपटून पाणी फुटतें, त्यांत हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात आणि ते प्रकाशाचे सर्व रंग सारखेच विखुरतात. म्हणून तें शुभ्र दिसतें. खालच्या डोहांत स्थिरावल्यावर त्याच पाण्यांतून तळचे गोटे मोजून घ्यावेत.

परंतु पाऊस सरल्यावर, जानेवारींत, कृश का होईना, पण ही धार वाहते कशी? उत्तर रानांत आहे. भोंवतालचें भगवान महावीर अभयारण्य व मोलें राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारें २४० चौरस किलोमीटर होतें. त्यांपैकीं १०७ राष्ट्रीय उद्यानाचें. घाटमाथ्यावरहि दाट झाडी आहे. किंदळ, ऐन, नाणा यांचा पाचोळा पावसाचा मार सोसतो, मुळांनीं सैल केलेली माती पाणी आंत घेते आणि खडकांच्या भेगांतून तें सावकाश ओढ्यांना मिळत राहतें. बोडक्या डोंगरावरून तेंच पाणी माती घेऊन घटकाभरांत निघून जातें.

हें रान पहावयाचें तर पावसाळ्यानंतर कुळ्याहून निघणारी जीप बरी. ती ओढ्यांच्या पाण्यांतून वाट काढीत जाते. शेकरूं, धनेश हे शांत बसणाऱ्याला दिसतात, क्वचित् गवाहि. आरडाओरडा करणाऱ्यांना मात्र माकडांखेरीज कोणी भेटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच रानांतून रेल्वे काढली गेली, म्हणून तर धबधबा घरोघरीं ठाऊक झाला. पुढें तो मार्ग दुपदरी करण्याचें ठरलें. त्यासाठीं कड्याची व झाडांची आणखी तोड होणार, म्हणून गोव्यांतील नागरिकांनीं जोराचा विरोध केला. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कॅसल रॉक ते कुळें या मार्गास वन्यजीव मंडळानें दिलेली मान्यता रद्द केली. सविस्तर अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव मांडण्यास मात्र आडकाठी ठेवली नाहीं.

दूधसागरचें पाणी दरी सोडून खांडेपार नदींत जातें. तिच्या कांठीं ओपा येथें पाणी शुद्ध करण्याचा कारखाना आहे, आणि तेथून नळ पणजीकडे जातात. ज्यांनीं हा धबधबा कधीं पाहिला नाहीं, त्यांच्याहि स्वयंपाकघरांत तो रोज सकाळीं येतो.