चोपण जमीन आणि पालाशचा आकडा

राहात्याहून एका पेरूबागायतदारांचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलाय.

ते लिहितात, 'गोदावरीच्या उजव्या कालव्याखालची जमीन, खालच्या अंगाला चोपण, म्हणजे सोडिअम साचलेली. माती परीक्षणात उपलब्ध पालाश (पोटॅशिअम) भरपूर निघाला. पण सोडिअम नि पोटॅशिअम एकाच गणातले, असं तुम्हीच लिहिलंत. मग यंत्र पालाश म्हणून सोडिअमच तर मोजत नाही ना?'

नाही. पण शंका पोकळही नाही.

मातीतला पालाश अमोनिअम ॲसिटेटच्या द्रावणात उतरवून घेतात. ते गाळून फ्लेम फोटोमीटरच्या केसासारख्या नळीला लावलं, की फवारा निळ्या ज्योतीत शिरतो आणि ज्योत पिवळीधमक होते. हा पिवळा सोडिअमचा, ५८९ नॅनोमीटरचा. पोटॅशिअमची फिकट जांभळी छटा त्यात बुडून जाते. यंत्र मात्र गाळणीतून ७६६ नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल प्रकाश तेवढा आत घेतं, त्यामुळे रंगांची गल्लत होत नाही.

गडबड होते ती दुसऱ्याच वाटेनं. बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पातळीवर चढून खाली येतो, तेव्हा हा प्रकाश मिळतो. चढण्याऐवजी तो अणू सोडूनच गेला, तर उरलेला आयन तो प्रकाश देत नाही; यंत्राच्या लेखी तो अणू नव्हताच. आणि सोडून जाण्यासाठी लागणारी ऊर्जा सोडिअमला ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पोटॅशिअमला ४.३४, सिझिअमला अवघी ३.८९.

आता गंमत बघा. द्रावणात सोडिअम जास्त असला, की त्याचेही इलेक्ट्रॉन ज्योतीत मोकळे होतात. त्या गर्दीत पोटॅशिअमच्या आयनांना इलेक्ट्रॉन परत मिळणं सोपं जातं. अखंड अणू वाढतात, लाल प्रकाश वाढतो, आकडा चढतो. म्हणजे सोडिअम पालाशचं सोंग घेत नाही, पालाशलाच उजळवतो. गॅसच्या सुमारे १९०० अंशांच्या ज्योतीत हा फरक थोडका, ॲसिटिलीनच्या जास्त तापणाऱ्या ज्योतीत बराच. त्यावर उतारा म्हणून प्रमाण द्रावणांत आणि नमुन्यांत सिझिअमचा क्षार सारखाच, सढळ हातानं घालतात. इलेक्ट्रॉनांचा पूर त्याच्याकडूनच आला, की सोडिअमच्या कमी-जास्तीला किंमत उरत नाही.

किती अणू आयन होतील, हा हिशेब ज्या सूत्रानं होतो, ते मेघनाद साहांनी १९२० साली सूर्यासाठी मांडलं. सूर्याच्या वर्णपटात रुबिडिअम आणि सिझिअमच्या रेषा दिसत नव्हत्या. साहा म्हणाले, तिथे त्यांचे जवळजवळ सगळे अणू आयन झालेले असणार. सौर डाग त्यामानानं थंड, तिथे शोधा. रुबिडिअम पुढे डागांच्या वर्णपटात सापडलं. साहांचं नाव घेतलं की लोकांना तारे आठवतात, मला ही ज्योतही आठवते.

तेव्हा बागायतदारांनी 'भरपूर' या शेऱ्यावर एवढ्या कारणानं अविश्वास दाखवू नये. आपल्या काळ्या जमिनींत पालाश बहुधा बरा असतोच. चिंता करायची ती सोडिअमची. तो चिकणमातीचे कण फुगवून विस्कटतो, मग पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शिअम त्याला कणांवरून हुसकावतं खरं, पण निचऱ्याचे चर काढलेले नसतील तर हुसकावलेला सोडिअम शेतातच राहतो.