बैलगाडीची क्रेन

दोंडाईचाजवळ मिरचीच्या पथारीवर एका अहिराणी गाण्याचं शूटिंग चाललं होतं. दिग्दर्शक विशीतला पोरगा. ट्रॉली नव्हती, म्हणून भाजीची लोटगाडी आणलेली. त्यानं आधी तिच्या चाकांना तेल घातलं, मग वाटेवरचे खडे वेचायला लावले. एक खडा लागला तरी फोनमधलं चित्र उडी मारणार. नाचणारी मंडळी ठसक्यानं बेजार झाली होती, पण मिरचीवर तिरपं ऊन येईपर्यंत त्यानं सुरुवात केली नाही. कुठं शिकलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मालेगाववाल्यांचं बघून."

मालेगाववाले म्हणजे नासिर शेख आणि त्यांचे सोबती. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता, दोन व्हीसीआर जोडून काटछाट करत नासिरभाई एडिटिंग शिकले. 2000 साली त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले, आगगाडीची जागा बसनं घेतली. लोक हसले, आणि हसावं म्हणूनच ते केलं होतं. पण सायकलवरच्या डाकूचा दरारा टिकवायचा तर कॅमेरा कुठं ठेवायचा, हे कुणाला तरी ठरवावं लागतंच.

फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट मी थांबवून थांबवून पाहिला. त्यात ही मंडळी आपला सुपरमॅनचा सिनेमा करताना दिसतात. कॅमेरा सायकलवरून सरकतो. क्रेनचं काम बैलगाडी करते. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही: बैल सोडलेली गाडी मागून दाबली की उलाळते, धूर वर जाते. पण त्या उलाळण्यात सिनेमाचा शॉट बघायला नजर लागते, आणि गाडी झटका न देता वर न्यायला कसलेले हात लागतात.

सुपरमॅन झाला होता शफीक, लूमवर काम करणारा काटकुळा तरुण. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा धरून उडवलं. शूटिंगच्या मध्येच त्याचं लग्न आलं, तेही सांभाळून घेतलं. पुढं कॅन्सरनं तो गेला. रीमा कागती यांनी या दोस्तांवर केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये थिएटरांत आला. त्यातही शफीकचं दुखणं येतं, आणि ते यायलाच हवं होतं.

त्याआधीच मालेगावचा हा विनोद सब टीव्हीवरही पोचला, 'मालेगाव का चिंटू' या संवाद नसलेल्या मालिकेतून. तिथं बोलून वेळ मारून नेता येत नाही. चालणं, धडपडणं, मागं वळून बघणं, सगळं आधी मोजून बसवावं लागतं.